भागूनं बांधलेलं लिंबू

माझी बायको भागू कुठलाही दोर दिसला की त्याला तीन हिसके द्यायची. बाजेचा असो, पाळण्याचा असो, आडावरच्या पोहऱ्याचा असो. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून गेली तरी आधी त्यांची बाज ओढून बघायची आणि मग टेकायची. यजमानीणबाईचं तोंड एवढंएवढं व्हायचं. मी मान खाली घालून बसायचो.

लग्न झालं त्याच महिन्यात मी नवी बाज विणली. आमचं घर दोर वळणाऱ्यांचं, तिचं मोहोळचं माहेरही तसलंच. त्यामुळं मी जीव ओतून विणली. शेजारपाजारचे बघून वा वा करून गेले. भागूनं कोपरे ओढले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हितं ढिली हाय."

माझी आई म्हणाली, "अगं, नवऱ्यानं विणलीया."

"व्हय की," भागू म्हणाली. "म्हणूनच वडून बघितली."

मागच्या श्रावणात ती गेली. माणूस गेलं की लोक म्हणतात, लई गुणाची होती. होती गुणाची, मी कुठं नाही म्हणतो? पण तिनं माझं डोकं जेवढं खाल्लं तेवढं उभ्या सोलापुरात कुणी कुणाचं खाल्लं नसेल. ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मला लिहायची सवय नाही. जसं झालं तसं लिहितो.

त्या वेळी सोलापुरात गिरण्या वाढत होत्या. पोटासाठी आम्ही दोर वळणं सोडून बांधकामावर गेलो. मी परांची बांधायचो. परांची म्हणजे भिंतीला लागून उभ्या बल्ल्या आणि आडवे वासे दोरानं बांधून उभा केलेला सांगाडा. त्यावर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर गवंडी उभा राहतो, आणि भिंत जशी चढेल तसा परांचीचा एकेक माळा वर चढवायचा. भागू डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन त्याच परांचीवर चढायची. म्हणजे मी गाठ बांधणार आणि माझी बायको तिच्यावर पाय ठेवणार. आता हिसके देणारी बाई तिथं गप्प बसेल होय?

पहिल्याच दिवशी पाटी खाली ठेवून तिनं बल्ली न् बल्ली ओढून बघायला सुरुवात केली. मुकादम वरून ओरडला, "ए भागे, चुना वाळतोय! तितं काय पूजा मांडलीस का?"

"गाठ बघती, मुकादम."

"अगं, तुझ्याच नवऱ्यानं बांधलीया ती!"

"त्याची बाजबी मीच बघितली व्हती."

सगळी परांची खदाखदा हसली. तेव्हापासून गवंड्यांनी माझं नाव 'बाज' ठेवलं. मोठ्या मिस्त्रीचं नाव उस्मान. आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. वयानं मोठा, हाताचा पक्का, भिंतीला ओळंबा लावायच्या आधीच त्याला वाकडं दिसायचं. तो सकाळी आला की विचारायचा, "क्या रे बाज, आज पास हुआ क्या नापास?"

रागाच्या भरात मी घरी तिला म्हणायचो, "चारचौघांत माझ्या गाठीला हात लावू नको." ती म्हणायची, "चारचौघांत पडला कोन, तर मंग कुटं तोंड लपवाल?" तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

पण एक गोष्ट तिची खरी होती आणि ती मला माहीत असून मी तिकडं काणाडोळा करायचो. अंबाडीचा दोर ओला असला की फुगतो, गाठ घट्ट धरतो. सोलापूरच्या उन्हात तोच दोर चार घटकांत वाळतो आणि गाठ सैल पडते. सकाळी दवात बांधलेली गाठ दुपारी बोट घातलं तर आत जातं. भागू म्हणायची, "सकाळची गाठ दुपारची पाव्हणी. कवा उठून जाईल, नेम न्हाय." म्हणून ती दुपारी भाकरी खाऊन झाली की घागरी भरून दोरांवर पाणी मारायची आणि परत सगळं ओढून बघायची. मुकादम कपाळावर हात मारायचा. "अगं बाई, पानी चुन्याला पुरंना, आन तू दोराला पाजतीस?"

सोलापुरात इंग्रजांचा लष्करी कायदा लागला त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. एका गिरणीच्या नव्या खात्याचं काम चाललं होतं. गिरणीचं नाव कशाला, ठेकेदाराचंही नको. भिंती उंच, वर लोखंडी छप्पर यायचं होतं. काम घाईचं, म्हणून मुकादम भागूला दुपारी गाठी बघायला थांबू देत नव्हता. तिथं मंद्रूपचा तुकाराम म्हणून एक गवंडी दुपारच्या वेळी दुसऱ्या माळ्यावरून पडला. खांदा निखळला, तीन बरगड्या गेल्या. मेला नाही, पण पुन्हा थापी धरली नाही त्यानं.

आता यावर लोकांनी काय करावं? गाठ बघावी का नाही? छे. सगळे म्हणाले, मोठं बांधकाम हाय, डोकं मागतंय. मुकादमानं बोकड आणलं. बोकड कापलं, भिंतीच्या पायात रक्त शिंपडलं, दुपारी सगळे रस्सा ओरपून तृप्त झाले. ज्या गाठीपायी तुकाराम पडला ती अजून तशीच लोंबत होती. भागूनं ती मला हातात धरून दाखवली.

"बोकडानं आवळली व्हय ही?"

मी म्हणालो, "हळू बोल."

"हळूच बोलती की. जोरात बोलून तरी कोन ऐकतंय?"

त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही. मला वाटलं, चला, सुटलो. पण ती गप्प बसली की मी घाबरायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मळवट भरून कामावर आली. पदरात पाचसहा लिंबं, काळा दोरा, बिब्बे. सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, मरीआई सपनात आली. म्हणाली, परांचीच्या पहिल्या बल्लीला लिंबू बांधल्याबिगर कुणी चढायचं न्हाय. लिंबू भागूनंच बांधायचं. बांधायच्या आधी गाठ न् गाठ तीनदा वडून जागी करायची, आन तवर कुणी तोंडातनं शब्द काढायचा न्हाय. दुपारी लिंबू उतरायचं, दोरांना पाणी दाखवायचं, परत जागवायचं, परत बांधायचं.

मी तोंडात पान होतं ते तसंच धरून उभा. मरीआई दोराला पाणी मारायला सांगते, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

पण लोकांनी ऐकलं! तेच लोक, जे रोज तिला हसत होते. डोक्यावरचं मुंडासं काढून, हात जोडून, मुकाट उभे. भागू सावकाश एकेक गाठ ओढतेय, जिथं ढिली असेल तिथं माझ्याकडं नुसतं बघतेय, मी गुपचूप जाऊन आवळतोय. उस्तादनंसुद्धा हात बांधले. म्हणाला, "माँ बोली तो बोली जी. अपने को जान प्यारी है." मुकादमही पाण्याला नाही म्हणेना. देवीच्या पाण्याला नाही कोण म्हणणार?

घरी आल्यावर मी चिडलो. "देवीच्या नावानं खोटं बोलतीस? जीभ झडंल."

"मी बोललेलं ऐकत न्हाईत. लिंबाचं ऐकत्यात. मी काय करू?"

"आन मरीआई कोपली तर?"

"तिला कळतंय. ती बी बाईच हाय."

आणि बजावलं, "कुणाला सांगू नका. लिंबाची गोष्ट फुटली की परत बोकडावर येतील."

असं दीड महिना चाललं. त्या दीड महिन्यात साधं खरचटलंही नाही कुणाला. ठेकेदार लोकांना सांगायचा, आमच्याकडं देवीचा वास आहे. आणि माझं काय झालं? सगळं सोलापूर मला भागूबाईचा नवरा म्हणू लागलं. माझ्या गाठी माझी बायको जागी करते! गवंडी विचारायचे, "बाज, घरी पानी पिताना तरी लिंबू लागतं का रं?" आता हसू येतं. तेव्हा आतून जळायचो.

वैशाख लागला. छप्पर यायच्या आत पश्चिमेची भिंत पुरी करायची म्हणून ठेकेदार रोज येऊन बसायला लागला. त्या दिवशी हौदात पाणी कमी होतं आणि चुना विझवायचा होता. दुपारी भागूनं लिंबू उतरवलं, घागर घेऊन हौदावर गेली, तर मुकादमानं तिला अडवलं. आज दोराला पाणी नाही. तिची आणि त्याची तिकडं जुंपली. इकडं गवंडी परांचीखाली बसलेले. ठेकेदार छत्री आपटतोय. आणि सगळे माझ्याकडं बघतायत.

एकजण म्हणाला, "बाज, जा बाबा, बायकोला इचारून यी, आमी चढू का म्हून."

दुसरा म्हणाला, "त्याला कशाला पाठवतुयास? तो आजून नापासच हाय."

ती परांची मी सकाळीच बांधली होती. घामाघूम होऊन, गुडघा टेकून बांधली होती. मनात म्हणालो, चार घटकांत काय होतंय? उठलो. तिला विचारायला जातो असं दाखवून मागच्या बाजूला गेलो; भागूचं गाठोडं तिथं सावलीत होतं. त्यातलं एक लिंबू घेतलं, काळ्या दोऱ्यात ओवलं आणि कुणाचं लक्ष नाही बघून बल्लीला बांधलं. म्हणालो, "भागूनं गाठी जागवल्या, लिंबू बांधलं. देवी बसली. चढा." एकही गाठ ओढली नाही. मला हौस होती, माझी गाठ माझ्या जिवावर उभी राहते हे दाखवायची.

उस्ताद आणि आणखी एक गवंडी तिसऱ्या माळ्यावर चढले. बाकीचे मागून निघाले.

भागू रिकामी घागर घेऊन परत आली. वर बघितलं आणि घागर टाकलीच. "खाली या! उस्ताद, खाली या!"

वरून उस्ताद म्हणाला, "लिंबू है ना, बाई!"

"ते माझं न्हाय! खाली या!"

कुणाला काही कळेना. लिंबू तर डोळ्यांसमोर लोंबतंय. शिडीवरचे तेवढे थांबले. मी तिथंच उभा होतो, दहा हातांवर. तोंड उघडून एवढं म्हणालो असतो की बाबांनो, लिंबू मी बांधलंय, तर संपलं असतं. नाही बोललो.

ती काष्टा खोचून शिडीवरच्यांना बाजूला सारत चढली. दुसऱ्या माळ्यावर टोकाची गाठ होती. तिच्यातून आडवा वासा सरकायला लागला होता. भागूनं गाठीला दोन्ही हातांची मिठी मारली, खांदा वाश्याखाली घातला आणि वरच्यांना अशा शिव्या घातल्या, की उस्ताद आणि तो गवंडी शिव्यांना भिऊनच उतरले. ते शिडीवर आले आणि वासा निसटला. वाश्याबरोबर भागू खालच्या विटांच्या ढिगावर पडली.

मांडीचं हाड मोडलं होतं. तिला फळीवर उचलून घेताना उस्ताद रडत विचारत होता, "क्या हुआ बाई, कैसा हुआ?" भागू माझ्याकडं बघत म्हणाली, "लुगडं अडकलं."

एवढंच. माझ्याकडं बघत.

मंद्रूपहून हाडवैद्य आला, कामट्या लावून मांडी बांधून गेला. सरळ बसणार नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. जायला पाहिजे होतं का? घरात तिच्यासमोर बसवेना म्हणून गेलो.

तिथं काय बघतो, तर सगळी परांची लिंबांनी पिवळी झालेली. लोकांनी आपसात ठरवलं होतं, की लिंबानं दोघांना वाचवलं आणि बदल्यात बाईचा पाय घेतला. लिंबाचीच करामत. एका लिंबानं एवढं होतं, तर पाच बांधा! मुकादमानं बाजारातून टोपली आणली. ज्यानं त्यानं आपापलं लिंबू आपल्या हातानं बांधलं. गाठ मात्र एकानंही ओढली नाही. का ओढतील? ती तर भागूचं काम. ठेकेदार म्हणाला, बाईमाणूस परांचीवर चढलं तेच अशुभ झालं, आता बाई नको.

मी दिवसभर परांच्या बांधल्या आणि तोंड मिटून घेतलं. दुसरा दिवसही तसाच. घरी भागू विचारायची, "कामावर काय चाललंय?" मी म्हणायचो, "चाललंय." ती भिंतीकडं तोंड करायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी उस्ताद शिडीला लागला. त्याच्या बल्लीला तीन लिंबं होती. त्या लिंबांच्या वर माझी गाठ होती, आणि ऊन असं होतं की मला खालून दिसत होतं, दोर आणि बल्ली यांच्यात फट पडलीय. दोन बोटं जातील एवढी. उस्तादनं पहिल्या माळ्यावर पाय ठेवला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते शब्दाला शब्द आठवत नाही. पण सगळं ओकलो. स्वप्न खोटं होतं. देवी नव्हती. लिंबू म्हणजे फक्त एवढंच, की भागूनं गाठी ओढून बघितल्या. त्या दिवशीचं लिंबू तिचं नव्हतं, माझं होतं. मी एकही गाठ बघितली नव्हती. लुगडं अडकलं नव्हतं.

सगळं बांधकाम थांबलं. चुना मळायच्या घाणीला जुंपलेले बैलसुद्धा थांबले.

उस्ताद खाली उतरला, गाठीत बोट घालून बघितलं, माझ्यासमोर आला आणि चुन्याच्या हातानं माझ्या कानाखाली ठेवून दिली. "दो दिन! दो दिन से मुंडी नीची करके बंबू बांधा तू? हमारी जान बाई के हात में थी, और हम लिंबू को सलाम करते रहे." मग खाली बसला. "थापी रखो रे. बाई आएगी तब चढेंगे."

ठेकेदारानं अर्धा दिवस आरडाओरडा केला. एकही गवंडी उठला नाही. उन्हाळा त्याच्यासाठी थांबणार नव्हता, छप्पर थांबणार नव्हतं. शेवटी त्यानंच विटांची बैलगाडी आमच्या दारात पाठवली.

आणि मग माझा खरा जाच सुरू झाला. भागूला खाली दगडावर बसवायचे, मोडकी मांडी फळीवर, हातात काठी. तिला चढता येईना, म्हणून गाठी ओढायला मी. ती खालून काठी दाखवणार, "ती! डावीकडची! जोरात वडा की, जेवला न्हाय का सकाळी?" मी वर माकडासारखा. सगळे हसतायत. आता तिला ना मळवट लागायचा ना लिंबू. ती "व्हय" म्हणाली की चढायचं, "न्हाय" म्हणाली की बसायचं. ठेकेदार छत्री आपटू दे नाहीतर स्वतः आपटू दे. काही लोकांनी तरी लिंबं बांधायची सोडली नाहीतच. भागू म्हणायची, "बांधू द्या. वजन लई न्हाय त्याचं."

ते खातं पुरं झालं. पुढं आणखी कामं झाली. उस्ताद जिथं जाईल तिथं ठेकेदाराला सांगायचा, ही लंगडी आणि हा तिचा नवरा, दोघं येत असतील तर मी येतो. मी पंचवीस वर्षं लोकांच्या हसण्यात गाठी ओढल्या. हाताला घट्टे पडले ते अजून आहेत.

तिचा पाय वाकडाच राहिला. घरात चालली की एक पाय टेकायचा, एक घासायचा. तो आवाज मी जन्मभर ऐकला. आणि त्या दुपारबद्दल ती मला एक शब्द बोलली नाही. मीठ जास्त झालं तर बोलायची, धोतर मळलं तर बोलायची, माझ्या मेलेल्या मावशीबद्दलसुद्धा बोलायची. यावर नाही. मला कितीदा वाटलं, एकदा शिव्या घाल आणि मोकळी हो. मोकळं कुणाला व्हायचं होतं ते मला कळत होतं.

गेल्या उन्हाळ्यात तिला उठवेना. एका सकाळी मी तिला पेज पाजत होतो. मीच म्हणालो, "तुला ठावं हुतं ना, लिंबू कुणी बांधलं ते?"

"तुमी काळा दोरा सूतगुंडीनं बांधता. मी सरगाठ मारती. खालनंच दिसलं."

"मंग लुगडं अडकलं कशापायी म्हणालीस?"

तिनं वाटी बाजूला केली. "मी सांगितलं असतं तर तुमाला त्यांनी तितंच तुडवलं असतं. सांगायचं तुमचं काम हुतं. दोन दिस मी वाट बघितली. रोज इचारलं, कामावर काय चाललंय. तुमी आपलं, चाललंय. तितं मानसं चढत हुती, आन तुमी चाललंय म्हणत हुता."

मी वाटीतली पेज ढवळत राहिलो.

"तिसऱ्या दिशी बोलला नसता," ती म्हणाली, "तर चौथ्या दिशी मी उस्तादला घरी बोलावून सांगनार हुते, आन तशीच म्होळला जानार हुते. कायमची."

"मोडल्या पायानं?"

"आगीनगाडी हुती की."

मी तिच्याकडं बघितलं. ती थट्टा करत नव्हती. मग वाटी पुन्हा तोंडाजवळ ओढून म्हणाली, "पेज निवली. बोलत काय बसलाय?"